हजेरी

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी बाबांना फोन करतो. इथल्या उन्हाळी वेळेत सांगलीत तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. आधी आई बोलते. जेवण, पाऊस, कामवालीच्या रजा, नातीची उंची. मग फोन स्पीकरवर टाकून ती बाबांपुढे ठेवते आणि आम्ही बापलेक एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलतो, कारण गेली सहा-सात वर्षं बाबांना कमी ऐकू येतं. विषय ठरलेला असतो : गाणं.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी माझी स्वारी भलतीच खुशीत होती. शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत, म्हणजे चाळीस तासही झाले नसतील, अस्मादिकांनी चार मैफली ऐकल्या होत्या. शुक्रवारी रात्री सोहोमध्ये जॅझ, शनिवारी दुपारी हॅरोमध्ये ख्याल, त्याच रात्री साउथ बँकला मालीच्या एका वादकाचा कोरा, आणि रविवारी सकाळी विगमोर हॉलमध्ये बेथोवनचं क्वार्टेट. तिकिटं, गाड्यांच्या वेळा, मधे कुठे काय खायचं हे सगळं मी एका एक्सेल शीटमध्ये मांडलं होतं. (बायकोनं ती शीट बघून "गो-लाइव्ह कधी?" एवढंच विचारलं.) बाबांना मी चारही मैफलींचा वृत्तांत दिला. मधे त्यांनी एक-दोन प्रश्न विचारले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ऐकलंस काय?"

त्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसानं बेरीज पुन्हा एकदा तपासावी, तसा तो प्रश्न होता. फोन ठेवल्यावर मी मात्र चिडलो. पुढचे आठ-दहा दिवस आंघोळ करताना, ट्यूबमध्ये, क्लायंटच्या मीटिंगमध्ये मी मनातल्या मनात बाबांना उत्तरं देत होतो. संपादकांनी स्मरणिकेसाठी "काहीही लिहा, फक्त प्रवासवर्णन नको" असं बजावलं, तेव्हा वाटलं, ही उत्तरंच लिहून टाकावीत. लिहिताना लक्षात आलं की मला वाटत होता तो प्रश्न बाबांनी विचारलाच नव्हता. पण ते पुढे.

बाबांचं ऐकणं हे मिरजेचं ऐकणं. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणंबजावणं होतं. खाँसाहेब १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासजवळच्या एका लहानशा स्टेशनावर गेले. प्रवासात बरं वाटेना म्हणून ते मधेच उतरले होते. त्यांना मिरजेत आणून दफन केलं. तेव्हापासून मोठमोठे गवई तिथे येत आले आहेत, पण बिदागीसाठी नाही. तिथला शब्द आहे 'हजेरी'. अमुक बुवा आले आणि हजेरी लावून गेले, असं म्हणतात. तिकीट नाही, खुर्ची नाही. चिंचेच्या झाडाजवळ सतरंजीवर बसायचं आणि पहाटेपर्यंत ऐकायचं. बाबा ऑफिस सुटल्यावर सांगलीहून सायकल मारत जायचे आणि सकाळी तसेच परत येऊन कामावर हजर व्हायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून मला डबलसीट घेऊन जायला लागले. मला पहिल्या रात्रीतलं आठवतं ते गाणं नव्हे, झोप. आणि बाबांचा नियम : "उठायचं असेल तर मागं बस. पुढं बसलास तर उठायचं नाही."

त्यांचा दुसरा नियम घरच्यांना जास्त जाचक होता. चांगलं गाणं ऐकून आले की दोन दिवस घरात रेडिओ लागायचा नाही. ते काही बोलायचे नाहीत, फक्त बटणाकडे हात गेला की मान हलवायचे. आई वैतागायची, कारण तिची 'आपली आवड' बुडायची. "ऐकलं ते तुम्ही, आणि उपास आम्हाला!" असं ती म्हणायची. बाबा म्हणत, "अजून उतरलं नाही." पोटात अन्न उतरावं तसं गाणं उतरायला वेळ लागतो, अशी त्यांची समजूत. अशा माणसाला चाळीस तासांत चार मैफलींचा हिशोब सांगितल्यावर तो दुसरं काय विचारणार, असं मी धरून चाललो.

माझा पहिला बचाव असा. बाबांची एकनिष्ठा खरी, पण तिच्यात परिस्थितीचाही वाटा होता. सांगलीत बेथोवन कोण वाजवणार होतं? मी २००३ साली मास्टर्ससाठी शेफील्डला आलो तेव्हा खिशात पैसे नव्हते, पण सार्वजनिक वाचनालयात सीडी मिळत. दर आठवड्याला मी काही ना काही उचलून आणायचो. पुढे नोकरीसाठी लंडनला आल्यावर ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये दुपारी फुकट ऐकायला मिळतं हे कळलं, आणि डबा तिथल्या पायऱ्यांवर खायची सवय लागली. ज्या गावात इतकं काही वाजतं तिथे राहून कानांना एकच घर दाखवायचं, हा कसला सोवळेपणा? आपण पोटापाण्यासाठी सात समुद्र ओलांडतो आणि कान मात्र वेशीवर ठेवतो, हे मला पटत नाही.

दुसरा बचाव जास्त जोरदार होता, कारण तो त्यांच्याच दर्ग्यातला. उरुसातल्या त्या रात्री एकजिनसी कुठे होत्या? शहनाई झाली, सतार झाली, ख्याल झाला, पलीकडे कव्वाली चाललेली. आणि ज्यांच्या नावानं हे सगळं, ते खाँसाहेब तरी कुठे एका कुंपणात राहिले? कैराण्याचा हा गवई मिरजेचा झाला. म्हैसूरच्या दरबारात त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, शिकले, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. मराठी नाटकातली पदंही गायले. किराणा घराण्याच्या मूळपुरुषाला जे चाललं ते त्याच्या श्रोत्याला का चालू नये?

तिसरा मुद्दा मी बाबांना पूर्वीच एकदा सांगितला होता, आणि त्यावर ते खदखदून हसले होते. १९७७ साली अमेरिकेनं अवकाशात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कधीकाळी परग्रहावरच्या कुणाला सापडली तर त्यानं पृथ्वीचं संगीत ऐकावं म्हणून. दीड तासात सत्तावीस तुकडे. त्यात गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर आहेत, साडेतीन मिनिटांची भैरवी. त्यातलं दुसरं यान निघालं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांची ती भैरवी आता २४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे पोचली आहे. बाबांना हसू कशाचं आलं, तर तबकडीवरच्या क्रमाचं. भैरवीनंतर दोन तुकडे आहेत : टेक्ससच्या ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचं १९२७ मधलं शब्दांवाचूनचं गुणगुणणं, आणि सगळ्यात शेवटी बेथोवनच्या एका क्वार्टेटमधला 'कावातिना' हा संथ भाग. "भैरवीनंतर दोन?" बाबा म्हणाले. "त्या परग्रहावरच्या माणसाला काय वाटेल रे?"

आपल्याकडे भैरवी झाली की मैफल संपली. तिच्यानंतर कुणी गात नाही, कितीही मोठा असो. वेळ कुठलीही असली तरी शेवटी भैरवी आणि मग चपला शोधायच्या. हा संकेत मी इतकी वर्षं नुसता शिष्टाचार समजत होतो. त्या शनिवारनंतर मी त्याचा जरा विचार केला.

आता त्या शनिवाराकडे येतो. शुक्रवारबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. फ्रिथ स्ट्रीटवरचा रॉनी स्कॉट्स हा क्लब १९५९ साली शेजारच्याच जेरार्ड स्ट्रीटवर सुरू झाला आणि साठच्या दशकात इथे आला. अंधार, लाल दिवे, काट्याचमच्यांची किणकिण, आणि प्रत्येक वादकाचा एकट्याचा तुकडा संपला की टाळ्या. दाद देण्याच्या बाबतीत जॅझवाले आपले सख्खे चुलतभाऊ. रात्री एक वाजता घरी आलो, कानात सॅक्सोफोन.

शनिवारची मैफल हॅरोमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो प्रकार ठाऊक आहे. दोनशे खुर्च्या मांडलेल्या, माणसं पंचेचाळीस. मागे टेबलावर चहाचा मोठा थर्मास आणि बटाटेवडे. भिंतीवर मुलांनी रंगवलेले डायनोसोर. हॉल आठला रिकामा करून द्यायचा असल्यानं संयोजकांचं लक्ष घड्याळाकडे. गायिका महाराष्ट्रातून आलेल्या, पन्नाशीच्या, फारसं नाव नसलेल्या. आदल्या दिवशी दुसऱ्या गावी गाऊन, कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर झोपून आल्या होत्या. मी लवकर पोचलो म्हणून दुसऱ्या रांगेत बसलो. एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना मागे बसणं बरं दिसत नाही.

मुलतानी बरा झाला. चहानंतर त्यांनी मारवा धरला. ऑक्टोबरातली संध्याकाळ, शाळेच्या उंच खिडक्यांतून दिसणारं आभाळ विटकरी झालेलं. मारव्याची गंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी सांगतो. षड्ज म्हणजे सगळ्याचं घर. मारव्यात गायक त्या घराभोवती फिरत राहतो आणि आत जायचं टाळतो. कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, ऐकणारा आतून अस्वस्थ होत जातो, आणि मग कधीतरी षड्ज लागतो तेव्हा हुश्श होतं. हे व्हायला वेळ द्यावा लागतो. पाच मिनिटांत मारवा दाखवता येतो, पण ती हुरहूर पाच मिनिटांत तयार होत नाही. त्या बाईंनी विलंबित एकतालात पाऊण तास घेतला. तो षड्ज लागला तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी नुसता "हां" म्हणून श्वास सोडला. गायिकेनं तो ऐकला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिथून पुढे त्या आजींसाठीच गात राहिल्या.

आणि मी? मारवा संपता संपता मी खिशातला फोन मांडीवर काढून बघितला. सात वाजून आठ मिनिटं. साउथ बँकचा कार्यक्रम साडेआठला. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपोलिटन लाइन, बेकर स्ट्रीटला बदलून ज्युबिली, वॉटर्लूला उतरून चालत दहा मिनिटं. एक्सेल शीटप्रमाणे सव्वासातला उठायचं होतं. मी एक नाट्यपद सुरू होऊ दिलं आणि त्याच्या मध्यावर उठलो. दुसऱ्या रांगेतून, पंचेचाळीस माणसांच्या सभेत. वाकून, हात जोडून, चोरासारखा. गायिका तान घेत होत्या. तान न मोडता त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, 'या, या' म्हणतात तशी. मला वाटतं, हॉलचा दरवाजा माझ्यामागे जरा आवाजच करून बंद झाला.

कोरा फार सुंदर झाला. (हे वाद्याचं नाव आहे, कोऱ्या कागदातला कोरा नव्हे.) मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, वर एकवीस तारा, वादक दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या यांनी वाजवतो. पश्चिम आफ्रिकेत हे वाद्य पिढीजात गवयांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जातं. तो भोपळा बघून मला मिरजेची तंबोरे करणाऱ्यांची आळी आठवली. पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले असत. एका भोपळ्यातून ही दोन वाद्यं निघाली, जगाच्या दोन टोकांना, असं काहीतरी मला सुचलं. बाबांना सांगायला छान वाक्य आहे, हेही सुचलं. म्हणजे मी तेव्हा साउथ बँकला नव्हतोच. आधी हॅरोच्या दरवाजापाशी होतो, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या फोनवर.

१९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी तारा जुळवल्या आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी हसून सुनावलं होतं की जुळवणंच एवढं आवडलं तर वादनही आवडेल अशी आशा आहे. आपण हा किस्सा गोऱ्या लोकांना हसण्यासाठी सांगतो. कोऱ्याच्या मैफलीत वादक एक तार घट्ट करून थांबला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. अज्ञानाचं मला काही वाटत नाही, नवं ऐकायला गेलं की ते होणारच. त्या न्यूयॉर्कवाल्यांचं तरी लक्ष समोर होतं.

रविवारी सकाळी विगमोर हॉल. १९०१ साली एका जर्मन पियानो कंपनीनं हा बांधला, पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त झाला आणि १९१७ पासून आजच्या नावानं सुरू आहे. साडेपाचशे खुर्च्या, आणि शांतता इतकी की आपलाच कोट कुरकुरतो. क्वार्टेटचे भाग संपताना मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळे खोकला धरून बसतात आणि मधल्या क्षणात एकदम खोकून घेतात. ही शांतता काही सनातन नाही बरं का. १७७८ साली पॅरिसमध्ये मोत्सार्टच्या सिंफनीत ऐन मध्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानं आनंदानं वडिलांना पत्रातून तसं कळवलं. (त्याच रात्री त्याची आई वारली होती. पत्रात त्यानं तिची प्रकृती फार बिघडली आहे एवढंच लिहिलं. वडिलांना गाण्याच्या बातम्या भरभरून द्यायच्या आणि अवघड ते मागे ठेवायचं, ही मुलांची खोड जुनी असावी.) कार्यक्रमात बेथोवनचं तेच क्वार्टेट होतं, ज्यातला कावातिना केसरबाईंच्या पाठोपाठ अवकाशात गेला आहे. त्यासाठीच मी तिकीट काढलं होतं. आणि कावातिना सुरू झाल्यावर मिनिटाभरात मी झोपलो. चक्क झोपलो. जागा झालो तो पुढचा भाग चालू होता. शेजारच्या वयस्क इंग्रज बाईंनी नंतर शेरीचा पेला हातात घेऊन मला प्रेमानं सांगितलं की त्यांचे यजमानही नेहमी याच जागी झोपत.

चार मैफलींचा खरा हिशोब हा असा. कामाच्या जागी आम्ही दर पंधरा मिनिटांची टाइमशीट भरतो, ती जर प्रामाणिकपणे भरली तर चाळीस तासांत माझं ऐकणं किती निघेल? पण झोपेचं मला फार वाईट वाटत नाही. बेथोवनचं काही बिघडलं नाही, वादकांना पत्ताही लागला नाही, नुकसान झालं ते माझं. शनिवारचं तसं नाही. तिथे मी कुणाचं काय घेतलं?

हा प्रश्न मी वकिलासारखा उलटसुलट केला. बाईंना मानधन ठरलेलं होतं, माझ्या उठण्यानं त्यातला एक पेनी कमी झाला नाही. मी तिकिटाचे पैसे भरले होते. तिकीट काढणाऱ्याला आत बसायचा हक्क मिळतो, बसून राहायची सक्ती नाही. सिनेमातून लोक उठतातच की. बाकीच्या चव्वेचाळीस जणांची ऐकण्याची सोय कमी झाली नाही, उलट मागच्याला जरा मोकळं दिसलं असेल. अशा रीतीनं पाहिलं तर मी कुणाचंच काही लागत नाही. पण त्या आजींचा "हां" आठवला की हा हिशोब कोसळतो. त्या "हां"नं गाणं बदललं होतं. आपल्या बैठकीत ऐकणारा हा गाण्याचा भाग असतो. समोर कोण बसलंय, कुठे मान हलते, यावरून गाणारा पुढची वाट धरतो. विगमोर हॉलमध्ये साडेपाचशेतला एक झोपला तर चौघं वादक आपल्या कागदावरचं वाजवतच राहतात. हॅरोत दुसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होते तेव्हा गाणाऱ्याच्या समोरची भिंतच जरा पुढे सरकते. म्हणजे ऐकणाऱ्याचं देणं सगळीकडे सारखं नाही. जिथे माणसं कमी तिथे ते वाढतं, आणि आपल्या परदेशातल्या सगळ्या मैफली तर अशाच, दोनशे खुर्च्या आणि पंचेचाळीस माणसांच्या. कोऱ्याच्या कार्यक्रमाला मी पोचलो नसतो तर एक तिकीट वाया गेलं असतं, इतकंच. हॅरोत बाकी राहिलं ते त्या बाईंचं.

चारच्या ऐवजी एकच ऐकायचं, असं मला अजूनही वाटत नाही. पुढच्या महिन्याची माझी शीट तयार आहे, आणि तिच्यात एका शनिवारी दोन कार्यक्रम आहेत. फक्त त्या दोहोंमध्ये आता चार तास मोकळे ठेवलेत. बायको म्हणते, याला बफर म्हणतात.

आता मागे ठेवलेलं सांगतो. बाबांनी "मग ऐकलंस काय?" विचारलं ते चार मैफलींची यादी ऐकून नव्हे. यादीवर ते काहीच बोलले नव्हते. कोऱ्याचा भोपळा तर त्यांना फार आवडला, केवढा मोठा, कुठून आणतात, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी मारव्याबद्दल विचारलं. ते मी रंगवून सांगितलं. मग म्हणाले, "भैरवीत काय गायल्या?" मी म्हटलं, "ते... मला निघावं लागलं." त्यावर तो प्रश्न आला. मी त्यातलं आधीचं सोयीनं विसरलो आणि बाबांना सोवळ्यात बसवून आठवडाभर त्यांच्याशी भांडलो.

पुढच्या रविवारी मी त्यांना सगळं नीट सांगितलं, दुसऱ्या रांगेसकट. ते म्हणाले, "मागं बसायचंस." एवढंच. मग मी विचारलं, यंदा उरुसाला गेला होतात का? वयोमान ऐंशीच्या पुढे, सायकल केव्हाच सुटली, शेजारचा मुलगा रिक्षानं नेऊन सोडतो. कानातलं यंत्र आहे, पण गर्दीत ते नुसतं खरखरतं. वयानं कान जातात तेव्हा आधी बारीक, वरचे आवाज जातात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे तंबोऱ्याची जवारी पहिल्यांदा.

"गेलो होतो की. दोन रात्री."

"ऐकू येतं तिथं?"

"डग्गा येतो. ठेका कळतो. बाकी तोंडाकडे बघून समजायचं."

"मग जाता कशाला बाबा एवढं? थंडीवाऱ्यात?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मला वाटलं प्रश्न पोचला नाही. आई मोठ्यानं पुन्हा सांगायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "ऐकलं, ऐकलं. अरे, गाणाऱ्याला समोर कुणीतरी लागतं की."

मग म्हणाले, "त्या बाई भैरवीत काय गायल्या ते विचार कुणाला तरी."

मी संयोजकांना फोन केला. ते म्हणाले, हॉल आठला द्यायचा होता म्हणून ते तेव्हा किचनमध्ये थर्मास विसळत होते. त्या आजींना विचारा म्हणाले. आजी कुणाच्या बरोबर आल्या होत्या ते अजून कळलेलं नाही. या अंकाच्या वाचकांपैकी कुणी त्या दिवशी हॅरोला शेवटपर्यंत बसलं असेल तर कृपया कळवावं. बाबा दर रविवारी विचारतात.